विंचूरचे वाइन पार्क आणि टाकीचे अस्तर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

निफाड तालुक्यातील विंचूर हे पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्यामुळे इतिहासात परिचित आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि येथे औद्योगिक विकास महामंडळाचे वाइन पार्क आकारास आले. द्राक्षे, भांडवल व बाजारपेठ यांइतकाच, वाइन महिनोन्महिने ज्या टाकीत राहते तिच्या आतील पृष्ठभागाचा प्रश्न या उद्योगात महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

अस्तराची गरज

वाइनचा सामू साधारणतः ३ ते ४ असतो. अशा आम्लधर्मी द्रवात साध्या पोलादातील लोह विरघळते. ते फॉस्फेट व टॅनिन यांच्याशी संयोग पावून वाइन गढूळ किंवा काळसर करते. काँक्रीटमधील चुन्याच्या अंशावरही आम्लाची क्रिया होते. म्हणून युरोपात काँक्रीटच्या टाक्यांना आतून टार्टारिक आम्लाचे हात दिले जात, अथवा काचेच्या फरशा बसविल्या जात.

इपॉक्सीचा उदय

स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्ताँ व अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी स्वतंत्रपणे इपॉक्सी राळेचा पाया घातला. १९४६ मध्ये सिबा कंपनीने ‘अ‍ॅराल्डाइट’ बाजारात आणले. पुढे हीच राळ टाक्यांच्या अस्तरासाठी वापरात आली. दुसरीकडे, बोर्दो प्रदेशातील शातो ओ-ब्रियाँ येथे १९६१ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बसविण्यात आल्या. हे पोलाद महाग, परंतु त्यास अस्तर लागत नाही. नाशिक परिसरातील वाइनरींनीही प्रामुख्याने तेच स्वीकारले. काँक्रीट वा साध्या पोलादाच्या टाक्यांसाठी मात्र इपॉक्सीचे महत्त्व टिकून राहिले.

स्थानिक हवामान व अस्तर

सतत द्रवात बुडालेल्या अस्तराचे आयुष्य राळेपेक्षा पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असते. पोलाद ब्लास्टिंगने स्वच्छ करावे लागते आणि त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश अधिक असावे लागते. लेपात सूक्ष्म छिद्र राहिल्यास तेथूनच गंज सुरू होतो. म्हणून विद्युत चाचणीने छिद्रे शोधली जातात.

निफाड तालुका हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीसाठी प्रसिद्ध आहे. सर्वसाधारण इपॉक्सी १० अंश सेल्सिअसखाली फार सावकाश पक्व होते. पावसाळ्यातील दमट हवाही लेपास प्रतिकूल असते. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारीत सुरू होत असल्याने, डिसेंबरमध्ये घाईने लावलेले अस्तर अपक्व राहण्याचा धोका संभवतो. काही हार्डनरमधील बेंझाइल अल्कोहोल अशा लेपातून वाइनमध्ये उतरते व त्यापासून बेंझाल्डिहाइड तयार होऊन कडू बदामासारखी चव येते. एका टाकीतील दोषाने संपूर्ण हंगामाचा माल वाया जाऊ शकतो.

निष्कर्ष

युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाच्या संपर्कातील बिस्फेनॉल-ए वर बंदी स्वीकारली; तथापि १००० लिटरपेक्षा मोठ्या टाक्यांवरील द्रव इपॉक्सी राळेस कडक अटींवर सूट दिली. यावरून या अस्तरास सर्वत्र सोयीचा पर्याय अद्याप उपलब्ध नाही, असे दिसून येते. टार्टारिक आम्लाच्या लेपापासून स्टेनलेस स्टीलपर्यंतचा प्रवास एकाच तत्त्वाकडे निर्देश करतो : भांड्याने द्रव राखावा, पण त्यात स्वतःचा अंश मिसळू नये. विंचूरसारख्या ठिकाणी ऋतुमानाचे भान ठेवून, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या व उबदार दिवसांत अस्तराचे काम पूर्ण करणे हाच या इतिहासाचा व्यावहारिक बोध होय.