वडिलार्जित बंदूक आणि संस्थानाची सीमारेषा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेक्सारकाना या नांवाचें एक शहर आहे. नांवावरूनच ध्यानांत येतें कीं, तें टेक्सस आणि आर्कान्सॉ या दोन संस्थानांच्या सरहद्दीवर वसलेलें आहे. शहरांतून एक मोठा रस्ता जातो. त्याचें नांव स्टेट लाइन ॲव्हेन्यू, म्हणजे संस्थानांच्या सीमेचा रस्ता. रस्त्याच्या पश्चिमेस टेक्ससचा कायदा चालतो व पूर्वेस आर्कान्सॉचा. १९३३ सालीं मध्यवर्ती सरकारनें येथें टपालकचेरी व न्यायालय यांसाठीं जी इमारत बांधली, ती या रेषेवरच उभी आहे. तिचा अर्धा भाग एका संस्थानांत व अर्धा दुसऱ्यांत येतो.

आतां अशी कल्पना करावी, कीं या शहराच्या टेक्ससकडील भागांत एक वृद्ध गृहस्थ राहतो. तरुणपणीं हरणांच्या शिकारीस वापरलेली एक रायफल त्याच्या घरीं आहे. हात थरथरूं लागले, दृष्टि मंदावली. तेव्हां ही वस्तु मुलाच्या स्वाधीन करावी असें त्यास वाटतें. थोरला मुलगा टेक्ससच्याच पश्चिम टोकास, एल पासो येथें असतो. हें अंतर सुमारें ८०० मैलांचें आहे. मुंबईहून दिल्लीस जावें जवळजवळ तितकें. धाकटा रस्त्याच्या पलीकडे, आर्कान्सॉच्या हद्दींत बिऱ्हाड करून आहे. बापानें अंगणांतून हांक मारली तर ती त्यास ऐकूं जाईल. थोरल्यास ती रायफल, गोळ्या काढून व नीट बांधून, टपालानें पाठवितां येते. धाकट्यास मात्र ती रस्ता ओलांडून हातीं देणें हा मध्यवर्ती कायद्यानें गुन्हा आहे, आणि जाणूनबुजून केल्यास त्यास पांच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. धाकट्याकडे ती पोंचवावयाची तर आर्कान्सॉमधील एखाद्या परवानाधारक व्यापाऱ्याकडे पाठवावी लागते. तो मुलाच्या पूर्वचारित्र्याची तपासणी करवून मगच ती त्याच्या हातीं देतो.

आठशें मैलांवरचा मुलगा कायद्याच्या दृष्टीनें जवळचा आणि हांकेवरचा मुलगा दूरचा, हें कोडें प्रथमदर्शनीं विक्षिप्त वाटतें. परंतु त्याची उकल अमेरिकेच्या इतिहासांत आहे.

१७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें जेव्हां अमेरिकेची राज्यघटना तयार झाली, तेव्हां तेरा संस्थानांनीं आपले सारेच अधिकार नव्या मध्यवर्ती सरकारच्या ओटींत टाकले नाहींत. जे अधिकार त्यांनीं दिले, त्यांत दोन या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचे आहेत. टपालाची व्यवस्था करणें हा एक, आणि संस्थानासंस्थानांमधील व्यापाराचें नियमन करणें हा दुसरा. उरलेले अधिकार संस्थानांचे किंवा लोकांचे, असें १७९१ सालच्या दहाव्या दुरुस्तीनें स्पष्ट केलें. त्याच वर्षीं दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्कास घटनेंत स्थान मिळालें. संस्थानाच्या पोटांत बापानें मुलास बंदूक द्यावी कीं देऊं नये, हा प्रश्न म्हणूनच मूळचा त्या त्या संस्थानाचा. मध्यवर्ती सरकारास या घरांत शिरावयास मुख्यतः दोनच दरवाजे होते: टपाल आणि सीमा ओलांडणारा व्यापार. पुढील दीडशें-पावणेदोनशें वर्षांचा इतिहास म्हणजे हे दोन दरवाजे एकामागून एक कसे उघडले गेले, याचीच हकीकत होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत टपालानें माल मागविण्याची पद्धति फोफावली. मोठमोठ्या दुकानांचीं जाडजूड सूचिपत्रें शेतकऱ्यांच्या घरोघरीं जाऊं लागलीं; त्यांत नांगर, शिलाईयंत्रें व कापड यांच्या शेजारींच बंदुका आणि रिव्हॉल्व्हरें छापलेलीं असत. १८९६ सालीं खेड्यापाड्यांत घरपोंच टपाल देण्यास आरंभ झाला आणि १ जानेवारी १९१३ पासून सरकारी पार्सल-टपाल सुरू झालें. इकडे कांहीं संस्थानांनीं पिस्तुलांवर निर्बंध घालण्यास प्रारंभ केला होता. न्यूयॉर्कनें १९११ सालीं पिस्तुलास परवाना सक्तीचा केला. परंतु संस्थानाचा कायदा सीमेपाशीं संपतो. जें पिस्तुल न्यूयॉर्कच्या दुकानांत परवान्यावांचून मिळेना, तें परसंस्थानांतून पत्र टाकून मागवितां येई, आणि सरकारचा पोस्टमन तें दारांत आणून देई. एका सरकारनें दार लावावें व दुसऱ्या सरकारच्या नोकरानें खिडकींतून माल आंत टाकावा, असा तो प्रकार होता.

या विसंगतीवर पहिला उपाय १९२७ सालीं झाला. अध्यक्ष कूलिज यांची सही झालेल्या त्या वर्षींच्या कायद्यानें पिस्तुल, रिव्हॉल्व्हर आणि अंगावर लपवितां येण्यासारखीं इतर शस्त्रें खासगी माणसांनीं टपालानें पाठविण्यास बंदी केली. लष्करी व पोलीस अधिकारी, कारखानदार आणि व्यापारी यांना सवलत ठेविली. लांब नळीची रायफल किंवा शिकारीची बंदूक या बंदींत आली नाहीं. ती शेतकऱ्याची नेहमींची वस्तु, कोटाच्या खिशांत मावणारी नव्हे. येथेंच टपालाच्या बाबतींत लांब व आखूड शस्त्रांचा जो भेद पडला, तो अनेक दशकें टिकून राहिला. परंतु या कायद्यांत एक मोठें भगदाड होतें. त्यानें बंद केला तो केवळ टपालाचा दरवाजा. रेल्वेनें माल पोंचविणाऱ्या खासगी एक्सप्रेस कंपन्यांना तो लागू नव्हता. पिस्तुलांनीं फक्त गाडी बदलली.

१९३४ सालीं मशीनगन व आखूड केलेल्या बंदुका यांच्यावर नोंदणी व त्या काळीं भारी वाटणारा २०० डॉलरचा कर बसला. १९३८ सालच्या कायद्यानें सीमेपलीकडे व्यापार करणाऱ्या कारखानदारांना आणि व्यापाऱ्यांना परवाना लागूं लागला. सामान्य गिऱ्हाइकाचा टपालानें माल मागविण्याचा मार्ग मात्र तसाच मोकळा राहिला.

ऑगस्ट १९६३ मध्यें सिनेटर टॉमस डॉड यांनीं टपालानें होणाऱ्या पिस्तुलविक्रीस आळा घालणारें विधेयक मांडलें. डॉड हे कनेक्टिकट संस्थानाचे प्रतिनिधि. शस्त्रांच्या कारखान्यांसाठीं हें संस्थान पूर्वींपासून विख्यात आहे. विधेयक समितीपुढें असतांनाच २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डल्लस शहरांत अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. पुढें सरन्यायाधीश वॉरेन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीमंडळानें जी माहिती १९६४ सालीं प्रसिद्ध केली, ती या विषयाच्या दृष्टीनें विलक्षण बोलकी आहे. ऑस्वाल्ड यानें ती इटालियन बनावटीची रायफल मासिकांतील जाहिरातीचें कूपन कापून शिकागोहून मागविली होती. दुर्बिणीसह किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालहंशील दीड डॉलर. मागणी खोट्या नांवानें होती, आणि पार्सल आलें तें टपालकचेरींतील एका पेटीच्या पत्त्यावर. त्याच खोट्या नांवानें त्यानें लॉस एंजेलिसहून एक रिव्हॉल्व्हर मागविलें. त्याच दिवशीं एका पोलीस शिपायाचा त्यानें बळी घेतला. तें रिव्हॉल्व्हर मात्र टपालानें आलें नाहीं, रेल्वे एक्सप्रेसनें आलें. म्हणजे १९२७ च्या कायद्याचें अक्षरशः पालन झालें होतें! रायफल बंदींत नव्हती म्हणून टपालानें आली, आणि रिव्हॉल्व्हर बंदींत होतें म्हणून रेल्वेनें आलें. दोन्ही शस्त्रांनीं संस्थानांच्या सीमा ओलांडल्या, आणि ती घेणारा कोण, हें कोणीहि विचारलें नाहीं.

एवढें होऊनहि कायदा होण्यास पांच वर्षें लागलीं. १९६८ च्या एप्रिलांत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा व जूनमध्यें रॉबर्ट केनेडी यांचा खून झाला, तेव्हां कोठें विधिमंडळ हललें. त्या वर्षींच्या २२ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं शस्त्रनियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. नोंदणी आणि व्यक्तिगत परवाना यांची तरतूद त्यांत नाहीं, याबद्दल त्यांनीं त्याच प्रसंगीं खेद व्यक्त केला. या कायद्यानें दुसरा दरवाजा, म्हणजे आंतरसंस्थानीय व्यापाराचा, बंद झाला. परवाना नसलेल्या कोणीहि दुसऱ्या संस्थानांत राहणाऱ्या परवाना नसलेल्या माणसास बंदूक विकूं नये, देऊं नये वा पोंचवूं नये, असा नियम झाला. तेथें बाप आणि तिऱ्हाईत असा भेद ठेविला नाहीं. ऑस्वाल्डच्या कूपनासाठीं विणलेल्या जाळ्यांत टेक्सारकानाचा वृद्ध बापहि सांपडला, तो असा.

मात्र या जाळ्यांत एक लहानशी खिडकी ठेविलेली आहे. मृत्युपत्रानें किंवा वारसाहक्कानें मिळालेली बंदूक, घेणाऱ्यास ती स्वतःच्या संस्थानांत बाळगण्याचा अधिकार असल्यास, व्यापाऱ्याच्या मध्यस्थीवांचून सीमा ओलांडूं शकते. म्हणजे जो बाप जिवंतपणीं रस्त्यापलीकडच्या मुलास आपली रायफल सरळ देऊं शकत नाहीं, तो मेल्यावर देऊं शकतो. कायद्यानें नात्याचा मान राखला, पण तो मृत्यूच्या साक्षीनें. यांतील कारुण्य बाजूस ठेवलें तर तर्क उघड आहे: मेलेला माणूस कूपन भरून व्यापार करीत नाहीं.

संस्थानाच्या आंत मध्यवर्ती कायदा बापावर विश्वास टाकतो. परंतु तो विश्वास मोकाट नाहीं. ज्यास शस्त्र बाळगण्याची बंदी आहे, उदाहरणार्थ गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेला इसम, त्यास तें जाणूनबुजून देणें हा सर्वत्र गुन्हा आहे; मग तो पोटचा मुलगा असो. पुडक्यावर आंत बंदूक असल्याची खूण नसावी, बंदुकींत गोळी नसावी, काडतुसें टपालांत घालूं नयेत, असे टपालखात्याचे नियम आहेत. मोठ्या खासगी वाहतूक कंपन्यांनीं तर अलीकडे परवानाधारकांखेरीज इतरांचीं शस्त्रें घेणेंच थांबविलें आहे.

यावर पुन्हा प्रत्येक संस्थानाचा स्वतःचा कायदा असतो, आणि कुटुंब म्हणजे कोण, याविषयीं त्यांचें एकमत नाहीं. कॅलिफोर्नियांत खासगी व्यवहारहि व्यापाऱ्यामार्फत करावा लागतो; बाप-मुलें आणि आजा-नातवंडें यांच्यांतील देणगीस सवलत आहे, पण घेणाऱ्यानें सरकारास कळविलें पाहिजे. सख्ख्या भावास मात्र ती सवलत नाहीं. वॉशिंग्टन संस्थानांत २०१४ सालीं मतदारांनीं कौल देऊन तपासणी सक्तीची केली. तेथें देणगीची सूट भाऊ, भाचे-पुतणे, काका-मामा आणि चुलत-मावसभाऊ यांच्यापर्यंत पसरलेली आहे. एकाच देशांत एका ठिकाणीं सख्खा भाऊ परका व दुसऱ्या ठिकाणीं मावसभाऊहि घरचा!

या सर्व इतिहासाचें सार असें कीं, येथें रेघ प्रेमाची नसून जबाबदारीची आहे. शस्त्र ज्याच्या हातीं जातें तो कोण, हा प्रश्न १९६३ पूर्वीं टपालानें विचारला नाहीं, रेल्वेनें विचारला नाहीं व दुकानदारानेंहि विचारला नाहीं. १९६८ नंतर सीमेपाशीं तो व्यापाऱ्याकडून विचारला जातो. सीमेच्या आंत अनेक संस्थानांत तो विचारणारा मध्यस्थ नाहीं. तेथें तो बापानेंच स्वतःस विचारावयाचा असतो. मुलाचा स्वभाव, त्याचें व्यसन, त्याच्या घरांतील भांडणें, त्याचीं लहान मुलें हीं सरकारी कागदांत नसतात. बापास ठाऊक असतात. टेक्सारकानाच्या त्या दोन संस्थानांवर उभ्या असलेल्या टपालकचेरींत रायफलीचें पुडकें घेऊन येणाऱ्या वृद्धास पुडक्यावर मुलाचा पत्ता कोणत्या संस्थानांतला आहे, एवढेंच कायदा प्रथम पाहावयास लावतो. त्याहून अवघड पाहणी त्यानें घरून निघण्यापूर्वींच केलेली असली पाहिजे.