कार्ताझ

कार्ताझ : सोळाव्या आणि सतराव्या शतकांत हिंदी महासागरात फिरणाऱ्या आशियाई व्यापारी जहाजांना पोर्तुगीजांकडून सक्तीने घ्यावा लागणारा परवाना. जहाजाचे व नाखुद्याचे नाव, जहाजाचा आकार, त्यावरील माणसे आणि हत्यारे, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर असा तपशील त्यात लिहिलेला असे. मिरीसारखा राखीव माल आणि युद्धसाहित्य नेण्यास बंदी होती. तुर्कांसारख्या शत्रूंना जहाजावर घेता येत नसे. शिवाय नेमून दिलेल्या पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी लागे. परवान्याची फी किरकोळ होती, खरी कमाई या जकातीची होती. परवान्याविना सापडलेले जहाज मालासकट जप्त होई. सागरी सत्ता म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला या एका कागदाइतके चांगले उदाहरण हिंदुस्थानच्या इतिहासात दुसरे नाही.

पोर्तुगीज येण्यापूर्वी या समुद्रात चाचे होते, आरमारी मोहिमाही झाल्या होत्या. पण खुल्या समुद्रातून जाण्यासाठी कोणाची परवानगी घेण्याची रीत नव्हती. राजे जकात घेत ती बंदरात. कालिकतसारखी बंदरे वाढली ती व्यापाऱ्याच्या मालाला तिथे अभय होते म्हणून. 1498 मध्ये वास्को द गामा तिथे पोहोचला. 1502 च्या दुसऱ्या सफरीत त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले. कार्ताझची प्रथा याच सुमारास सुरू झाली. त्यामागची दहशत विसरून तिच्याकडे निव्वळ प्रशासकीय व्यवस्था म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. 1509 मध्ये दीवच्या लढाईत पोर्तुगीजांनी इजिप्तचे मामलूक, गुजरात आणि कालिकतचा राजा सामुद्री (झामोरिन) यांच्या एकत्रित आरमाराचा पराभव केला. त्यांच्या जहाजांवरील जड तोफांना तोंड देईल असे आरमार त्यानंतर बराच काळ कोणी उभे केले नाही.

या यशाचे काय करायचे, यावर पोर्तुगीजांमध्येच दोन मते होती. पहिला व्हाइसरॉय फ्रांसिश्कु द आल्मैदा याचा भर आरमारावर होता; किल्ले जितके अधिक तितकी माणसे विखुरणार, असे त्याचे म्हणणे. त्याच्यामागून आलेल्या आफोंसु द आल्बुकर्कने उलट बाजू धरली. जहाजाला गोदी लागते, लाकूड लागते, पावसाळ्यात निवारा लागतो आणि खलाशांना घर लागते, हे त्याने ओळखले. 1510 मध्ये त्याने गोवे घेतले, ते हातचे गेले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा जिंकले. तिथे गोदी तर होतीच, शिवाय होर्मुझहून येऊन विजयनगर व विजापूरकडे जाणाऱ्या घोड्यांचा भरभराटीचा व्यापारही होता. 1511 मध्ये मलाक्का आणि 1515 मध्ये होर्मुझ त्याच्या ताब्यात आले. पूर्वेकडची सामुद्रधुनी आणि इराणच्या आखाताचे तोंड अशी दोन दारे बंद झाली. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेले एडन मात्र 1513 मध्ये हल्ला करूनही त्याला घेता आले नाही. नौदल आणि तळ यांचे नाते अमेरिकन लेखक आल्फ्रेड महान याने 1890 मध्ये सिद्धांतरूपाने मांडले. समुद्र जिंकायचा म्हणजे त्यावरच्या वाटांवर हुकमत मिळवायची, हे ब्रिटिश इतिहासकार जूलियन कॉर्बेटने 1911 मध्ये स्पष्ट केले. आल्बुकर्कने हे दोन्ही त्यांच्या सुमारे चारशे वर्षे आधी आचरणात आणले होते.

कार्ताझची खरी ताकद मोगलांच्या बाबतीत दिसते. अकबराने 1573 पर्यंत गुजरात जिंकला आणि सुरतेसारखे बंदर मोगलांकडे आले. तरीही हाजींची जहाजे पोर्तुगीज परवान्याखेरीज सुटत नसत. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलाही परवान्याच्या बोलण्यांपायी सुरतेत खोळंबून राहावे लागले. परवान्यावर मेरी व येशू यांची चित्रे असतात, तेव्हा या वाटेने हज करणे बंधनकारक नाही, असे मत दरबारी उलेमांपैकी एकाने दिल्याचे अकबरकालीन इतिहासकार बदायुनीने नोंदले आहे. 1613 मध्ये जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज परवाना असूनही पोर्तुगीजांनी पकडले. जहांगीरने दमणला वेढा घालून उत्तर दिले. उत्तर जमिनीवरून द्यावे लागले, कारण समुद्रावरून द्यायला त्याच्याकडे आरमार नव्हते. जगातील सर्वांत श्रीमंत साम्राज्यांपैकी एकाने समुद्राकडे केलेले हे दुर्लक्ष पुढे सगळ्या देशाला महाग पडले.

तरी पोर्तुगीजांचा हा बंदोबस्त पक्का कधीच नव्हता. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर सुमात्रातील आचेहून मिरी एडनमार्गे तांबड्या समुद्रात पुन्हा मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. मलबारात सामुद्रीचे आरमारी सरदार असलेल्या कुंजाली मरक्कारांच्या वल्ह्यांच्या चपळ होड्या उथळ खाड्यांतून पोर्तुगीजांना हुलकावण्या देत राहिल्या. चौथ्या कुंजालीचा पाडाव करायला पोर्तुगीजांना खुद्द सामुद्रीचे साहाय्य घ्यावे लागले, आणि 1600 मध्ये गोव्यात त्याला ठार मारण्यात आले.

समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, असा युक्तिवाद डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याने 1609 मध्ये पोर्तुगीजांच्या मक्तेदारीविरुद्ध केला. मात्र 1641 मध्ये मलाक्का घेणाऱ्या डचांनी स्वतःचेच परवाने सक्तीचे केले आणि इंग्रज कंपनीही परवाने देऊ लागली.

मराठ्यांचे सरखेल (आरमारप्रमुख) कान्होजी आंग्रे (मृत्यू 1729) यांनी हाच हक्क कोकण किनाऱ्यावर बजावला. त्यांचे दस्तक नसलेली जहाजे ते पकडत. इंग्रजांचा परवाना घेतलेल्या देशी व्यापाऱ्यांच्या जहाजांना सूट असावी, ही मुंबईकर इंग्रजांची मागणी त्यांनी मानली नाही. 1718 मध्ये खांदेरीवर इंग्रजांचा आणि 1721 मध्ये कुलाब्यावर इंग्रज व पोर्तुगीज यांचा संयुक्त हल्ला फसला. कान्होजींचे पुत्र तुळाजी यांचे आरमार मात्र 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळाले, आणि त्या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. इंग्रजी कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख चाचा म्हणून येतो. परवाना मागणारा पोर्तुगीज आणि इंग्रज सत्ताधीश ठरतो, आणि आपल्याच किनाऱ्यावर तोच परवाना मागणारा मराठा चाचा ठरतो, हा निवाडा अभ्यासकांनी जसाच्या तसा स्वीकारू नये.