खुराड्यातला इतिहास : कोंबड्यांवर पीएचडी करता येते का?

प्रगती अहवालाच्या सेमिनारमध्ये मी पहिल्यांदा माझा विषय सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "कुकूच कू" केलं. सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना एक प्रश्न डोक्यात राहिला. बैलांचा इतिहास लिहिला तर कुणी हसत नाही, मग कोंबडीवर का हसतात? खरं सांगायचं तर माझं पहिलं प्रकरण या हसण्यातूनच निघालं.

माझा विषय साधा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात बायका दारात पाच-दहा कोंबड्या पाळत आल्या, त्यातून त्यांच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडला? संशोधनाच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात की असल्या विषयाला साधनं कुठून मिळणार. म्हणून आज साधनांबद्दल लिहिते, आणि माझ्या हातून झालेल्या एका मोठ्या चुकीबद्दलही.

कागदात कोंबडी कुठे असते?

आपले जुने कागद बहुतेक महसुलाचे. ज्यावर सारा बसतो, ते कागदावर येतं. जमीन येते, विहीर येते, बैल येतो. खुराड्यावर सारा नव्हता, म्हणून खुराडं नाही. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांमध्येही गुराढोरांना पानंच्या पानं मिळतात आणि कोंबड्या चार-दोन ओळींत आटपतात. देशात पशुगणना १९१९-२० पासून होते आहे, त्यात पक्षी मोजले जातात. पण पक्षी किती हे कळलं, तरी अंड्याचे पैसे कुणाच्या कनवटीला लागले हे त्यातून कळत नाही.

दुसरं कारण जातीचं आणि सोवळ्याचं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावकोंबडा निषिद्ध पदार्थांच्या यादीत आहे, लसूण-कांद्याच्या शेजारी. ज्या घरांत लिहिणं-वाचणं होतं, त्यातल्या बऱ्याच घरांत कोंबडीला उंबरठा नव्हता. ज्यांच्या दारात कोंबडी होती, त्यांच्या हातात लेखणी नव्हती. कागदावर नोंद नाही याचा अर्थ ती गोष्ट नव्हती असा होत नाही. नोंद कुणी ठेवली आणि कुणासाठी ठेवली, हे आधी बघावं लागतं.

कागदात कोंबडी सापडते ती बहुतेक वेळा मरतानाच. एन्थोव्हेन यांनी संपादित केलेला कोकणच्या लोकसमजुतींचा खंड १९१५ साली आला. त्यात देवाला, भुताखेताला कोंबडा देण्याचे उल्लेख सापडतात. ही माहिती जमली कशी, ते महत्त्वाचं आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवली होती आणि मास्तरांनी उत्तरं लिहून दिली. (हेच ते जॅक्सन, ज्यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात वध झाला. पुढचं काम एन्थोव्हेन यांनी केलं.) प्रश्न समजुतींबद्दल होते, म्हणून उत्तरात बळीचा कोंबडा आला. रवणीला बसलेल्या कोंबडीबद्दल कुणी विचारलंच नाही. साधन वाचताना "उत्तर काय आहे" याच्या आधी "प्रश्न काय होता" हे वहीत लिहून ठेवा. माझ्या गाईडनी मला ही सवय लावली, ती फार उपयोगी पडते.

मग आज्यांकडे गेले

कागद संपले तेव्हा मुलाखती सुरू केल्या, पारनेर तालुक्यातल्या काही गावांत. पहिल्या दोन-तीन मुलाखती वाया गेल्या. "तुमच्या कुक्कुटपालनाबद्दल सांगा" असं विचारलं की आज्या म्हणायच्या, "ते आमच्याकडं न्हाय बाई, ते शेडवाल्याकडं." आणि हे बोलताना पायाशी चार कोंबड्या उकरत असायच्या! त्यांच्या लेखी कुक्कुटपालन हा धंदा होता. आपल्या दारात असतात त्या नुसत्या कोंबड्या. शब्द बदलला तशा गोष्टी येऊ लागल्या.

खुडूक झालेली कोंबडी कशी ओळखायची. टोपलीत भुसा घालून दहा-बारा अंडी कशी मांडायची आणि एकवीस दिवस कसे मोजायचे. अंडं उजेडासमोर धरून ते भरलंय की वांझोटं हे कसं बघायचं. पिल्लं डालग्याखाली झाकून रानात कामाला जायचं आणि घारीवर लक्ष ठेवायला घरातलं सगळ्यात लहान पोर बसवायचं. मुंगसाने एका रात्रीत खुराडं साफ केल्याच्या कथा तर प्रत्येक घरात आहेत. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते. शेडवाला हा आकडा ऐकून हसेल. पण तिला खायला विकत काही आणावं लागत नाही. कण्या, कोंडा, उकिरड्यातले किडे यावर तिचं भागतं.

ज्या बाईकडे कोंबडी घ्यायलाही पैसे नसायचे, ती शेजारणीची तलंग वाट्याने सांभाळायची. पिल्लं झाली की निम्मी हिची, निम्मी तिची. कोंबडीचा वंश असाच अंगणाअंगणातून पसरायचा. या व्यवहाराचा एकही कागद नाही, पण वाटा कुणी बुडवला हे चाळीस वर्षांनंतरही आज्यांना तोंडपाठ असतं.

माझी चूक

पंचाऐंशीच्या घरातल्या एका आजींनी सांगितलं, "मानमोडी आली आन् समदं गेलं. हातात पैका ऱ्हायला न्हाय."

मला फार आनंद झाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, हे मी वाचलेलं होतं. आजींचं वय तेव्हाच्या हिशोबात बसत नव्हतं, पण मी धरून चालले की सासूकडून ऐकलेली आठवण असेल. चांगला परिच्छेद लिहिला, "साथ आणि कौटुंबिक दारिद्र्य" असं उपशीर्षकही दिलं.

सहा महिन्यांनी परत गेले, तेव्हा सहज विचारलं, "सासूबाई सांगायच्या का मानमोडीचं?" आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं पोरी, मानसांची न्हाय, कोंबड्यांची मानमोडी!"

कोंबड्यांच्या राणीखेत रोगालाही मराठीत मानमोडीच म्हणतात. पक्ष्याची मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवट हगवण लागते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. हा रोग १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये नोंदला गेला आणि त्यानंतर लवकरच आपल्याकडे राणीखेतला सापडला, म्हणून त्याला ही दोन नावं. १९४० च्या दशकात आपल्या देशात त्यावर लसही तयार झाली. पण लसीची कुपी येते शंभर-शंभर पक्ष्यांसाठी, आणि तीही बर्फात ठेवावी लागते. सात कोंबड्या असलेल्या बाईने ती कुठून आणायची?

मग साल कुठलं? आजींना आकडा माहीत नव्हता. "दुष्काळाच्या आदल्या साली" म्हणाल्या. म्हणजे १९७२ च्या आदल्या वर्षी. माझं साल पन्नास वर्षांहून जास्त चुकलं होतं.

साल दुरुस्त झालं तशी गोष्टही बदलली. आजींकडे तेव्हा अकरा कोंबड्या होत्या. मीठ, रॉकेल, पोराची पाटी, माहेरी जायचं गाडीभाडं हे सगळं अंड्यांवर निघायचं. "धन्याला इचारायला लागत नव्हतं," हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. आठवड्याभरात अकराच्या अकरा गेल्या. पुढच्या साली पाऊस गेला. घरात धान्य नाही आणि हातात स्वतःचा एक पैसा नाही. तान्हं पोर झाडाखाली फडक्यात निजवून त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. "कोंबड्या असत्या तर चार महिने उशिरा गेले असते. पोर तवर चालाया लागलं असतं."

दुष्काळाच्या कुठल्याही अहवालात हे चार महिने नाहीत. माझ्या पहिल्या मसुद्यातही नव्हते, कारण मी आजींचं वाक्य माझ्या पुस्तकी माहितीत कोंबून बसवलं होतं.

याचा आज काय उपयोग?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशात पहिल्यांदा पक्ष्यांमधला बर्ड फ्लू सापडला आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही. नवापूरची चर्चा शेडवाल्यांच्या नुकसानीची झाली. जळगावात मात्र रोग गावांतल्या घरगुती कोंबड्यांमध्ये होता. रोग आटोक्यात आणायला पक्षी मारावे लागतात, त्याबद्दल वाद नाही. पण भरपाई पक्षी मोजून ठरते. त्या पक्ष्यावर पोराची पाटी आणि माहेरचं गाडीभाडं चालत होतं, हे मोजायला तक्त्यात रकाना नसतो.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी पक्षी होते. त्यातले जवळजवळ ३१.७ कोटी परसातले, आणि २०१२ च्या तुलनेत ते सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेले. म्हणजे खुराडं ही जुनी, संपत आलेली गोष्ट नाही. विषयावर कुणी हसलं तर हा आकडा सांगायचा, मी तेच करते.

तुम्ही मुलाखती घ्यायला निघाला असाल तर तीनच गोष्टी सांगते. एक, लोकांचा शब्द आधी शिका, मग प्रश्न विचारा. दोन, ओळखीचा शब्द ऐकून आनंद झाला की थांबा आणि "म्हणजे नेमकं काय हो?" असं विचारा. तीन, एकाच माणसाकडे दुसऱ्यांदा जाच. पहिल्या भेटीत आपण आपलंच डोक्यातलं ऐकून येतो.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे खरं. पण कागदांनी कोंबडी इतकी वर्षं झाकून ठेवली, त्याचं डालगं कुणीतरी उचलायला हवं. आजींनी निघताना मला चार अंडी दिली. एसटीच्या गर्दीत दोन फुटली. उरलेली दोन होस्टेलवर उकडून खाल्ली आणि त्याच रात्री तो परिच्छेद खोडला.