पलारीचं गाव, मुंबईची लॅब

1964-65 मध्ये रायपूरकडच्या पलारी गावात कॅमेरा नेणं म्हणजे अख्खं बिऱ्हाड हलवणं होतं. कुर्रा गावच्या मनू नायक यांनी ते हलवलं. ते मुंबईच्या चित्रसृष्टीत काम करत होते. 1963 मध्ये पहिल्या भोजपुरी चित्रपटाला लोटलेली गर्दी त्यांनी पाहिली आणि आपल्या बोलीतही सिनेमा व्हावा, हा ध्यास घेतला. ‘कहि देबे संदेस’ हा छत्तीसगढीतला पहिला चित्रपट 1965 मध्ये आला. लेखक, निर्माता, दिग्दर्शक सगळं तेच. दलित सतनामी आणि ब्राह्मण घरांतल्या प्रेमाची ही गोष्ट काहींना खुपली, विरोध झाला. तेव्हाच्या माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी मात्र पाठीशी उभ्या राहिल्या.

अशा गावात प्रॉडक्शन सांभाळणाऱ्याचा दिवस पहाटेच्या चहापासून सुरू होतो. किती ताटं, किती गाड्या, कोणाच्या अंगणाची परवानगी, जनरेटरला डिझेल. आणि त्या काळी सर्वांत जपायची वस्तू म्हणजे रीळ. चित्रित झालेलं रीळ अंधारात काळ्या पिशवीत घालायचं, डबा चिकटपट्टीने बंद करायचा, वर नंबर टाकायचा. फिल्म धुण्याची लॅब रायपुरात नव्हती, मुंबईत होती. रशेस, म्हणजे तपासायच्या पहिल्या प्रती, धुऊन येईपर्यंत युनिट गावातून उठलेलं असे. चूक दुरुस्त करायची तर सगळा खर्च पुन्हा.

रायपूरला एक मोठी सोय होती: हावडा-मुंबई रेल्वेमार्ग. एकीकडे कोलकात्याची चित्रसृष्टी, दुसरीकडे मुंबईची. बाहेरचे दिग्दर्शकही इथे आले. 1975 च्या ‘चरणदास चोर’साठी श्याम बेनेगल यांनी छत्तीसगढ गाठलं, त्यात रंगकर्मी हबीब तन्वीर यांची गावकरी नटमंडळी होती आणि नवखी स्मिता पाटील.

पुढे सत्यजित राय दूरदर्शनच्या ‘सद्गती’साठी रायपूर परिसरातल्या खेड्यांत आले. ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन आगाशे. आणि गोंडाच्या भूमिकेत राजनांदगावचे लोकगायक भैयालाल हेडाऊ. कथेचा नायक दुखी ज्या ओंडक्यावर घाव घालत मरतो, तो ओंडका नुसता मिळवून भागत नाही. रोजच्या चित्रणात तो त्याच जागी, तेवढ्याच घावांचा दिसायला हवा. हे राखणारा माणूस पडद्यावर दिसत नाही, पण ते दृश्य त्याच्यावरही उभं असतं.

2000 मध्ये, छत्तीसगढ राज्य जन्माला येत असतानाच, सतीश जैन यांचा ‘मोर छंइहा भुंइया’ तुफान चालला आणि रायपुरात सिनेमा हा धंदा झाला. त्याआधीच्या चित्रणांच्या हिशेबवह्या, जेवणाच्या याद्या, गाडीभाड्याच्या पावत्या कोणाच्या घरी असतील, तर त्या रद्दीत घालू नका.