मित्राचा शोक

शके १२१८च्या (इ.स. १२९६) कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. तीर्थयात्रेतील त्यांचे सहचर नामदेव. त्यांच्या नावावरील 'समाधी'च्या अभंगांत निवृत्तिनाथ शोक करतात, प्रत्यक्ष पांडुरंगही व्याकुळ होतो. भावाला, गुरूला, देवाला रडण्याचा अधिकार परंपरेने दिला होता, मित्राला कोणता? विरहिणीची भाषा भक्तिकाव्यात रुळलेली होती. दोन पुरुषांमधील वियोगाला तशी भाषा नव्हती. म्हणूनच, असे वाटते, या अभंगांत मित्राचे दुःख इतरांच्या मुखाने बोलते. त्या प्रेमाला आजचे नाव देण्याची घाई नको. पण 'संतमैत्री' म्हणून त्याची धार बोथट करणेही योग्य नव्हे. नामदेवांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारी, पायरीशी मानली जाते. दर आषाढीला ज्ञानदेवांची पालखी त्याच पंढरीत येते.