अरण्यातले वाटाडे

प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत हल्ली ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील सहलींचा उल्लेख वारंवार आढळतो. ॲलिस स्प्रिंग्ज नावाच्या गावी विमानाने उतरावे, तेथून मोटारीने निघावे आणि पाच, सात किंवा दहा दिवस लाल मातीच्या ओसाड मुलखातून हिंडून यावे, अशी ही योजना असते. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, पाण्याची तरतूद केलेली आणि बरोबर एक माहीतगार मनुष्य. दीडशे वर्षांपूर्वी ज्या प्रदेशात शिरलेल्या माणसाची परत येण्याची खात्री नसे, तेथे आज आपल्याकडील निवृत्त गृहस्थ सपत्नीक जाऊन येतात आणि छायाचित्रे दाखवितात.

ह्या सर्व व्यवस्थेत आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो तो माहीतगार मनुष्य, म्हणजे वाटाड्या. प्रवासाचा इतिहास लिहिला जातो तो प्रवाशांचा. वाटाड्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. आज त्याच्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत, आणि त्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आमच्या जुन्या चांदा जिल्ह्याचे, त्यातही धानोऱ्याच्या बाजूचे अरण्य त्या कामी पुरेसे आहे.

धानोरा हे आज गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गडचिरोलीहून निघालेला रस्ता धानोऱ्यावरून मुरूमगावास जातो आणि पुढे हद्द ओलांडून छत्तीसगडात मानपूरकडे वळतो. मोटारीत बसलेल्यास हा एक सरळ रस्ता दिसतो. परंतु ज्या मुलखातून तो जातो तो मुलूख पूर्वी लहानमोठ्या जमीनदाऱ्यांत वाटलेला होता. जुन्या चांदा जिल्ह्यातील वीसएक जमीनदाऱ्यांच्या यादीत धानोरा, रांगी, मुरूमगाव, खुटगाव, दुधमाळा ही नावे आहेत, तशीच अंबागड चौकी, पानाबारस आणि कोराचा हीही आहेत. शेवटची तीन १९०७ च्या सुमारास नव्या दुर्ग जिल्ह्यात घातली गेली. चांदा जिल्हा आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. कागदावरच्या हद्दी अशा बदलत गेल्या. एका गावाच्या शिवेवरून दुसऱ्या गावाच्या शिवेकडे जाणाऱ्या पायवाटा मात्र होत्या तेथेच राहिल्या.

ह्या वाटांवरील सर्वांत मोठे प्रवासी म्हणजे बंजारे. शेकडो बैलांचे त्यांचे तांडे समुद्रकाठच्या तेलुगू मुलखातून मीठ घेऊन वर येत आणि वऱ्हाडचा कापूस घेऊन खाली जात. ही अदलाबदल जेथे होई त्या ठाण्यांपैकी एक वैरागड होते. वैरागड आज आरमोरी तालुक्यातील एक शांत गाव आहे. परंतु त्याच्या हिऱ्यांच्या खाणींचा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त आहे आणि गोंड राजवटीतला त्याचा किल्ला अजून उभा आहे.

ह्याच वैरागडास १७९५ साली एक वेगळा प्रवासी आला. जे. टी. ब्लंट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी. गंगाकाठच्या चुनारहून निघून गोदावरीच्या पलीकडील कंपनीच्या मुलखापर्यंत जाणारी वाट शोधावी, असे काम त्याच्याकडे होते. बरोबर शिपाई होते, मोजणीची साधने होती. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा तो काळ. रतनपूर, रायपूर करीत तो कांकेरास आला. बस्तरातून थेट दक्षिणेस उतरणे धोक्याचे आहे असे त्यास तेथे समजले आणि तो पश्चिमेस वळून वैरागडास पोचला. पुढे दक्षिणेच्या वाटेवर गोंडांनी त्याच्या तुकडीवर हल्लाही केला. परंतु अखेर तो गोदावरी ओलांडून मुक्कामास पोचला, आणि त्याचा वृत्तांत कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापला गेला. ब्लंटचे नाव त्यामुळे इतिहासात राहिले. ज्यांच्या पावलांमागून तो चालला त्यांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत.

हे वाटाडे कोण असत? मध्य हिंदुस्थानातील जुन्या प्रवाशांच्या व अधिकाऱ्यांच्या लेखनात एक पद्धत पुन्हा पुन्हा आढळते. एकच मनुष्य साऱ्या प्रवासभर वाट दाखवीत नसे. गावचा मनुष्य पाहुण्यास आपल्या गावाच्या शिवेपर्यंत नेई आणि पुढच्या गावच्या माणसाच्या हवाली करी. तो त्यास तिसऱ्याच्या हवाली करी. प्रवासी ह्या पद्धतीवर चिडत, कारण प्रत्येक शिवेवर खोळंबा होई आणि नवा मनुष्य येईपर्यंत ऊन चढे. हा अडाण्यांचा आळस आहे, असेही काहींना वाटे.

खरे पाहता त्यात मोठा अर्थ होता. शिवेच्या आतले रान त्या गावाचे. तेथला झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, अस्वल कोणत्या मोहाखाली येते, कोणत्या झाडीत देव आहे आणि तेथून पायताण घालून जाऊ नये, हे त्या गावास ठाऊक. शिवेपलीकडले त्यास थोडेबहुत ठाऊक असले तरी ते सांगण्याचा अधिकार त्याचा नव्हे. तेथला देव निराळा आणि तेथले पंच निराळे. म्हणजे आज ज्याला आपण रस्ता म्हणतो तो त्या काळी गावांची एक साखळी होता. एका कडीने हात आखडता घेतला की मागे बैल कितीही असोत, तांडा जागच्या जागी थांबे.

हात आखडता घेतला की काय होते, हे १८५८ साली दिसून आले. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके ह्यांनी त्या वर्षी कंपनी सरकारविरुद्ध हत्यार उचलले. अडपल्लीचे व्यंकटराव त्यांस मिळाले. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडीच्या तळावर तारखात्याचे दोन इंग्रज नोकर मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन ह्याच्याजवळ फौज होती, परंतु रान त्याचे नव्हते. महिन्यांमागून महिने गेले तरी बाबूराव त्याच्या हाती लागले नाहीत. अखेर ते पकडले गेले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई ह्यांच्या मदतीने, म्हणजे ज्यांस तो मुलूख ठाऊक होता त्यांच्याच हातून. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांस फाशी देण्यात आले. बाबूरावांचे शौर्य आपण सर्व जाणतोच. ह्या प्रकरणातून आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की वाट ठाऊक असणे हे एक बळ होते, आणि ते कोणाच्या बाजूस उभे राहते ह्यावर फौजांचेही यशापयश ठरत होते.

ह्यानंतर दोनच वर्षांनी, २० ऑगस्ट १८६० रोजी, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातून बर्क व विल्स ह्यांची प्रसिद्ध मोहीम निघाली. खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे आरपार ओलांडावयाचे होते. हजारो लोक निरोप द्यावयास जमले होते. वाळवंटासाठी उंट हवेत म्हणून ते आणि त्यांस हाकणारे लोक तेव्हाच्या हिंदुस्थानातून नेले होते. सामानास तोटा नव्हता. वाटाडे मात्र बरोबर नव्हते. बर्कने उत्तरेकडील किनारा जवळजवळ गाठला, पण परतीच्या वाटेवर कूपर्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी १८६१ च्या मध्यास तो व विल्स दोघेही मेले. तो ओढा निर्जन नव्हता. यांद्रुवांधा लोक पिढ्यान्पिढ्या तेथे सुखाने राहत होते. नार्डू नावाच्या पाणवनस्पतीचे पीठ करून ते खात. गोऱ्यांनीही तेच खाल्ले, पण तयार करण्याची रीत नीट न उचलता, आणि ते खाऊनही झिजत गेले. आमच्या रानातील काही कडू कंदही चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवल्यावाचून खाता येत नाहीत. ज्यास हे ठाऊक नाही त्यास भरल्या रानात उपास घडेल किंवा विषबाधा होईल. बर्कच्या सोबत्यांपैकी जॉन किंग तेवढा वाचला, कारण तो यांद्रुवांधांच्या आश्रयास गेला. पुतळे मात्र बर्क आणि विल्सचे उभे राहिले.

आमच्याकडे १८५८ नंतर निराळा क्रम सुरू झाला. थंडीच्या दिवसांत साहेबांचे दौरे निघू लागले. तंबू, गाड्या, कारकून आणि गावोगाव रसद. लाकूड, चारा, कोंबडी आणि ओझी वाहण्यास माणसे गावाने द्यावयाची, असा रिवाज पडला. जो वाटाडा पूर्वी पाहुण्यास शिवेपर्यंत पोचवी तो आता बेगारीस धरला जाऊ लागला. त्याच्या मागून मोजणीचे लोक आले. त्याने बोट दाखविले, त्यांनी नाव लिहिले. ह्या टेकडीस काय म्हणता, हा नाला कोठे मिळतो, उत्तम साग कोठे आहे, ही त्याची उत्तरे नकाशावर चढली. पुढे त्याच नकाशांवर रेघा पडल्या आणि रेघेच्या आत त्यास कुऱ्हाड नेण्याची बंदी झाली. जमीनदारीत निस्ताराचा, म्हणजे घरापुरते लाकूडफाटा घेण्याचा, रिवाज तरी होता. १९५१ साली जमीनदाऱ्या खालसा झाल्या, जंगल सरकारजमा झाले आणि त्या रिवाजासही ओहोटी लागली. आपल्याच बोटाने दाखविलेल्या रानात मनुष्य परका ठरला.

पुढे पक्के रस्ते झाले. रस्ता ही मोठी सोय आहे. पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीस दवाखाना गाठावयाचा असतो तेव्हा पायवाटांचे कौतुक करणे निर्दयपणाचे होईल. परंतु मैलाचा दगड आला आणि वाटाड्याचे काम सरले, असे जे आपणांस वाटते ते खरे नाही. १९८० नंतरच्या काळात ह्या भागात बंदुका आल्या आणि वाटाड्याची फार कठीण परीक्षा झाली. रात्री रानातून आलेले वाट विचारीत आणि दिवसा गणवेशातले विचारीत. एकास सांगावे तर दुसऱ्याचा रोष. खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसे मारली गेली. पूर्वी जे बळ होते तेच ज्ञान गळ्याचा फास झाले.

आणि ह्याच धानोरा तालुक्यात त्या ज्ञानाची दुसरी बाजूही दिसून आली, म्हणूनच हा सारा इतिहास सांगावासा वाटला. लेखा गावाजवळचे मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव. सर्वांच्या एकमताने निर्णय घ्यावयाचा आणि निर्णयापूर्वी अभ्यास करावयाचा, अशी रीत ह्या गावाने १९८० नंतर बसविली. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला, १ जानेवारी २००८ रोजी त्याचे नियम आले. गावाचा रानावरील सामूहिक हक्क सिद्ध करावयाचा तर पुरावा काय द्यावा, हे त्या नियमांत सांगितले आहे. त्यात सरकारी कागद आहेत, तसेच वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आहेत, देवस्थाने आहेत, स्मशानभूमी आहे. म्हणजे हा झरा आमचा, हा देव आमचा, येथे आमचे पूर्वज पुरले आहेत, हे जे वाटाडा पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांस चालताचालता सांगत आला, तेच आता कायद्याने पुराव्यात धरले. ऑगस्ट २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेस सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते.

तरी एक गाठ उरलीच. जंगलातील बांबू गावाचा, पण तो रस्त्याने बाहेर नेण्याचा परवाना द्यावा कोणी? बांबू तोडावयास हरकत नाही, पण वाट बंद, असा तो पेच होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यास आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. ह्या घटनेचे वर्णन बहुधा बांबूच्या हिशेबाने केले जाते. आम्हांस ती वाटेच्या इतिहासातील घटना वाटते. ज्या गावांनी शतकानुशतके दुसऱ्यांस वाट दाखविली, त्यांपैकी एका गावास आपल्या मालासाठी स्वतः वाट देण्याचा अधिकार मिळाला. शिवेवरून माल जाईल तो गावाच्या सहीने जाईल.

असेच काहीसे ऑस्ट्रेलियातही घडले आहे. त्या सहलींचे मुख्य आकर्षण म्हणजे उलुरू नावाचा प्रचंड तांबडा खडक. त्याचे मूळ मालक अनंगु लोक. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्या भूमीची मालकी सरकारने त्यांस परत दिली. खडक पवित्र आहे, त्यावर चढू नका, अशी विनंती ते अनेक वर्षे करीत होते. लोक तरीही चढत. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढण्यास बंदी झाली. पाहुणे आजही येतात, खडकाभोवती फिरतात. आता तेथे काय करावे आणि काय करू नये, हे यजमान सांगतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतही पाहुण्यांची वर्दळ वाढते आहे. कोणी वाघ पाहावयास येतो, कोणी मेंढ्यासारखे गाव पाहावयास. येणाऱ्यांत उद्या आपणही असू. जाऊ तेव्हा बरोबरच्या वाटाड्यास त्याचे नाव विचारावे आणि परतल्यावर प्रवासाची हकीकत सांगताना ते नाव सांगावे. तो एखाद्या झाडीपाशी थांबून 'इकडे नको' म्हणाला तर घड्याळ न पाहता दुसरीकडून जावे. ब्लंटच्या वृत्तांतात जी जागा रिकामी राहिली, ती पुन्हा रिकामी राहू नये, एवढे आपल्या हाती आहे.