धुके अस्मानी, धूर सुलतानी

आपल्या भाषेने संकटांची वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड ही अस्मानी. सारावसुली, लूट, जुलूम ही सुलतानी. शेतकऱ्याच्या अनुभवातून घडलेली ही वाटणी कारखान्यांच्या युगाला लावू गेल्यास मात्र एक अडचण उभी राहते. धुरके कोणत्या खात्यावर मांडायचे? शब्दच मुळी धूर आणि धुके यांच्या संकरातून जन्मलेला! अमेरिकेतील पिट्सबर्ग शहर आणि त्याच्या दक्षिणेची मोनोंगहेला नदीची दरी यांचा इतिहास या दृष्टीने आम्हांला उद्बोधक वाटतो.

पिट्सबर्ग नद्यांच्या संगमावर वसले आणि शेजारच्या टेकड्यांतील कोळशावर वाढले. अँड्र्यू कार्नेगीचा ब्रॅडॉक येथील पोलाद कारखाना १८७५ साली सुरू झाला, आणि पाहता पाहता नदीकाठ भट्ट्यांनी भरून गेला. दरी वाहतुकीला जितकी सोयीची, तितकीच श्वासाला गैरसोयीची. शरद ऋतूपासून रात्री लांबू लागतात. निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्याने निवते, थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. झाकणाखाली जे सोडावे, ते तेथेच राहते.

भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत, अशा या शहराने १९४१ साली धूरनियंत्रणाचा कायदा केला. युद्धामुळे त्याची अंमलबजावणी १९४६ पर्यंत लांबली. घरोघरच्या शेगड्यांतून साधा कोळसा हटला, नैसर्गिक वायू आला आणि आकाश उजळू लागले. परंतु कायद्याची हद्द शहरापुरती होती. दरीची हवा ती हद्द मानणारी नव्हती.

शहराच्या दक्षिणेस, याच नदीच्या वळणावर, डोनोरा हे गाव आहे; १९४८ साली त्याची वस्ती सुमारे १४,००० होती. तेथे पोलाद व तारेचा कारखाना होता आणि १९१५ पासून जस्ताची भट्टीही होती. भट्टीच्या धुराने पिके व जनावरे जातात, असे दावे शेतकऱ्यांनी पूर्वीच लावले होते. १९४८ च्या ऑक्टोबरअखेर विपरीतता उठेना. २९ तारखेला हॅलोवीनची मिरवणूक निघाली, ३० तारखेला फुटबॉलचा सामनाही झाला. दाट धुके तेथे कोणाला नवे नव्हते. अग्निशमन दलाचे लोक चाचपडत घरोघर प्राणवायूची नळकांडी पोहोचवीत होते. २० माणसे दगावली, सुमारे ६,००० आजारी पडली. ३१ तारखेच्या सकाळी भट्टी मंदावण्यात आली. त्याच दिवशी पाऊस आला. दुसऱ्या दिवशी भट्टी पुन्हा पूर्ववत!

त्यानंतर सुरू झाला तो अर्थ लावण्याचा झगडा. कंपनीने दोष हवामानाच्या दुर्मिळ योगावर टाकला, म्हणजे संकट अस्मानी ठरवले. १९५१ साली सुमारे २,३५,००० डॉलरवर तडजोड झाली, तीही जबाबदारी मान्य न करता. वास्तविक १९३० च्या डिसेंबरात बेल्जियममधील म्यूज नदीच्या दरीत असेच धुरके साचून साठांवर माणसे मेली होती, आणि दरी, थंडी व कारखाने यांचे गणित तेव्हाच मांडले गेले होते. जे दरवर्षी ठरलेल्या ऋतूत येते, ते दैव कसे? ते तर वेळापत्रक आहे. १९४९ च्या सरकारी आरोग्य अहवालाने कोणा एका विषारी द्रव्यावर बोट ठेवले नाही, परंतु उत्सर्जन कमी करावे आणि हवामानाचा अंदाज पाहून आगाऊ इशारा द्यावा, असे सुचवले.

पुढचा पुरावा पिट्सबर्गलगतच्या नेव्हिल बेटावरचा. तेथील कोक कारखाना जानेवारी २०१६ मध्ये बंद झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, परिसरातील लोकांच्या हृदयविकारासाठी तातडीने रुग्णालयात जाण्याच्या आठवड्याच्या फेऱ्या लगेच ४२ टक्क्यांनी घटल्या. टेकड्या त्याच, हिवाळाही तोच. बदलली ती केवळ भट्टी.

२०२१ साली अलेगेनी काउंटीने मोनोंगहेलाच्या दरीसाठी नियम केला: हवा कोंडण्याचा अंदाज असेल, तर कारखान्यांनी उत्सर्जन घटवावे. १९४९ ची सूचना कारखान्यांवरील बंधन होऊन यायला बहात्तर वर्षे लागली. नियम पुरेसा आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण त्यात ऋतूचे स्थान बदलले आहे. जो ऋतू कारखान्याची सबब होता, तोच आता त्याला दिलेली पूर्वसूचना झाला आहे. झाकण आकाशाचे असेल. त्याखाली चूल पेटवणारा हात मात्र माणसाचाच असतो, आणि जाब त्या हातालाच विचारायचा असतो.